आजार, दिव्यांगत्व आणि अडथळा : सुगम्यतेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी शब्दांची ओळख

तहसील कचेरीत दिव्यांगांसाठी काय सोय करायची हे ठरवायला बसलं की समोर एक यादी येते. तीत अशा ओळी असतात : ‘डाव्या पायास पोलिओ, अस्थिव्यंग, ५२ टक्के.’ या एका ओळीत तीन वेगळ्या ठिकाणचे शब्द आहेत. पोलिओ हा डॉक्टरांचा, अस्थिव्यंग हा सरकारी कागदाचा आणि ५२ टक्के ही वैद्यकीय मंडळाची मोजणी. हा माणूस कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची चौकट) लावून चालतो, कुबडीवर चालतो की हाताने चालवायच्या तीनचाकीवर येतो, दारातल्या तीन पायऱ्यांचं तो काय करतो, खिडकीपर्यंत त्याचा हात पोचतो का, हे त्यांतला एकही शब्द सांगत नाही. आपल्याला काम करायचं असतं ते नेमकं त्यावरच.

रॅम्प बांधणारे, वेबसाइट आणि ॲप बनवणारे, गावोगाव सर्वेक्षण करणारे, शाळेत किंवा बँकेत सोयी तपासणारे, या सगळ्यांना हे शब्द रोज भेटतात. ते कुठून आले आणि त्यांच्यावरून काय ठरवायचं, काय ठरवायचं नाही, हे आधी समजून घेतलं तर पुढे तोडफोड करावी लागत नाही.

पहिली पायरी : वहीत चार रकाने आखा

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आयसीएफ नावाची एक वर्गवारी स्वीकारली. तिचं सार चार रकान्यांत मावतं. आजार किंवा आरोग्याची स्थिती, शरीरात किंवा मनात पडलेली उणीव, त्यामुळे अडणारी कृती, आणि ती कृती अडवणारी बाहेरची गोष्ट. पहिले दोन रकाने डॉक्टरांचे. शेवटचे दोन आपले.

मधुमेहच घ्या. एका माणसाच्या डोळ्यांचे पडदे साखरेने खराब झालेत. त्याला एटीएमच्या पडद्यावरची अक्षरं लागत नाहीत. दुसऱ्याच्या पायाला जखम होऊन बोटं कापावी लागलीत. त्याला एटीएमपर्यंत जाणाऱ्या उंच पायऱ्या जमत नाहीत. पहिल्या रकान्यात दोघांचाही मधुमेहच, चौथा रकाना मात्र पूर्ण वेगळा. एकाला बोलणारं मशीन लागतं, दुसऱ्याला रॅम्प आणि कठडा.

उलटंही होतं. कंपवाताने हात थरथरणारे आजोबा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठणं) असलेली कॉलेजची मुलगी आणि कडबाकुट्टीत उजवा हात गेलेला शेतकरी. तिघांचे आजार आणि कारणं निराळी, पण तिघंही संगणकाच्या माउसवर अडतात. सगळा फॉर्म कीबोर्डने भरता आला, बटणं मोठी आणि एकमेकांपासून सुटी ठेवली, की तिघांचंही काम होतं. एका हाताच्या माणसाला तीन कळा एकदम दाबायला लावू नका. विंडोजमधलं ‘स्टिकी कीज’ सुरू केलं की कळा एकामागून एक दाबता येतात; ते कसं सुरू करायचं हे सेवा केंद्रातल्या ऑपरेटरला माहीत हवं.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे : पहिल्या रकान्यावरून थेट उपाय ठरवतात. ‘अंध आहे म्हणजे ब्रेल’, ‘पोलिओ आहे म्हणजे व्हीलचेअर’. चौथा रकाना भरल्याशिवाय खर्चाचा आकडा लिहू नका.

दुसरी पायरी : कायद्याचे शब्द नीट वाचा

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते २१ झाले आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार, कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जासंस्थेचे, ॲसिड हल्ल्याने आलेलं दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम), विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दिव्यांगत्व हे सगळं आता यादीत आहे. जुन्या छापील अर्जांवर अजून ‘अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद’ एवढ्याच चौकटी दिसतात. असा अर्ज हाती आला की तो बदलायला सांगणं हेच तुमचं पहिलं काम.

कायद्यात तीन शब्द आहेत आणि ते एकच समजले जातात. ‘दिव्यांग व्यक्ती’ म्हणजे दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव असलेली आणि अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने समाजात वावरू न शकणारी व्यक्ती. या व्याख्येत टक्केवारी नाही. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हणजे प्रमाणित ४० टक्के किंवा त्याहून जास्त. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण याला जोडलेलं आहे. तिसरा शब्द ‘उच्च आधाराची गरज’. लक्षणीय दिव्यांगत्व असून रोजच्या जगण्यात सखोल मदत लागते अशांसाठी तो आहे.

गल्लत होते ती पहिल्या दोनांत. ‘चाळीस टक्के बसतंय का?’ हा प्रश्न आरक्षणाच्या किंवा योजनेच्या टेबलावर ठीक. रॅम्प, लिफ्ट, वाचता येणारी वेबसाइट यांना ४० ची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या परीक्षार्थीला लक्षणीय दिव्यांगत्व नसलं तरी लेखनिक मिळायला हवा, असा तो निकाल.

टक्केवारी कशी निघते हेही माहीत असू द्या. ती शरीराची उणीव मोजते, कामातली अडचण मोजत नाही. दोन दिव्यांगत्वं असली तर आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले ९० वजा मोठा आकडा, भागिले ९०, एवढी भर पडते. म्हणजे ५० आणि ३० असतील तर एकूण ८० नव्हे, सुमारे ६३. ‘डॉक्टरांनी टक्के कापले’ ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते; सूत्र मांडून दाखवलं की माणसाला हिशोब पटतो.

यादीत नसलेल्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. रंगांधत्व यादीत नाही. तरी लाल-हिरव्या ठिपक्यांनीच ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ दाखवलं तर तो माणूस अडतोच, म्हणून शब्द लिहा. एका डोळ्याने न दिसणारा आणि दुसऱ्याने स्वच्छ दिसणारा माणूस ४० च्या खाली राहतो, पण पायरीची कड त्याला उशिरा कळते. कडेला ठळक वेगळ्या रंगाचा पट्टा हवा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे पाण्यातल्या फ्लोराइडने सांधे आणि पाठ आखडलेली माणसं भेटतात. या आजाराचं नाव फ्लोरोसिस, आणि तो शब्द २१ प्रकारांत नाही. आखडलेपण मोजून ते चलनवलन दिव्यांगत्वात बसतं की नाही, एवढंच मंडळ पाहतं. खाली वाकून नळ सोडता न येणं ही अडचण मात्र प्रमाणपत्र असो-नसो, तिथे आहेच.

तिसरी पायरी : दिसण्याचे शब्द

कायद्यानुसार अंधत्व म्हणजे अजिबात न दिसणं, किंवा चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असणं, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणं. ३/६० चा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, त्यासाठी या डोळ्याला ३ मीटरवर यावं लागतं. अल्पदृष्टी म्हणजे ६/१८ पासून ३/६० पर्यंतची नजर, किंवा ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंतचं क्षेत्र.

दृष्टिक्षेत्राचा भाग नवख्यांना चकवतो. काचबिंदूत बाजूचं दिसणं आधी जातं. असा माणूस समोरचा फलक वाचेल आणि बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या ड्रमला धडकेल. लोक म्हणतात, ‘सोंग करतोय, वाचता तर येतं.’ मोतीबिंदूचं वेगळं. तिथे नजर धुरकट होते आणि उजेडाने डोळे दिपतात. शस्त्रक्रियेने तो सुधारतो, म्हणून त्यावर कायमचं प्रमाणपत्र मिळत नाही. पण शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत आजीला चकचकीत फरशी आणि पांढऱ्यावर पिवळी अक्षरं या दोन्हींनी ठेचच लागणार. ‘डोळ्यात फूल पडलंय’ म्हणजे बुबुळावर डाग. ते मोतीबिंदूत लिहू नका.

ब्रेल सगळ्या अंध व्यक्तींना येत नाही. लहानपणी शाळेत शिकलेल्यांना येते. पन्नाशीत नजर गेलेल्यांना सहसा येत नाही. त्यांचा आधार म्हणजे आवाज, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारे ‘स्क्रीन रीडर’ : मोबाइलमधलं टॉकबॅक, संगणकावरचं फुकट मिळणारं एनव्हीडीए. इथे मराठीचा एक खास घोळ आहे आणि तो रोजचा आहे. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतून ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर ती चिन्हंच वाचतो आणि ऐकणाऱ्याला शेंडा-बुडखा लागत नाही. स्कॅन करून पीडीएफ केलेला आदेश तर नुसतं चित्र. वाचक यंत्र गप्प बसतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, तो तसाच पीडीएफ करा आणि वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवा. तपासायला सोपी युक्ती आहे : पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. जसंच्या तसं मराठी उमटलं नाही, तर अंध वाचकालाही ते मिळणार नाही. साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका उजळ-गडदपणाचा फरक हवा. बसस्टँडवर भर उन्हात मोबाइल बघणाऱ्या कुणालाही त्याचा फायदा होतो.

चौथी पायरी : ऐकण्याचे शब्द

दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर कायद्यात ‘बधिर’, ६० ते ७० असेल तर ‘ऐकू कमी येणारे’. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. त्यावरून काय राहतं याचा अंदाज येईल.

‘मूकबधिर’ आणि ‘मुका’ हे शब्द सोडा. बहुतेक बधिर मुलांचा घसा, जीभ, स्वरयंत्र धड असतं. कानावर भाषा पडली नाही म्हणून ती बोलायला शिकलेली नसतात. हातांनी ती बोलतातच. भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीची हातवाऱ्यांतली नक्कल नाही. त्यामुळे लिखित मराठी ही पुष्कळ बधिर व्यक्तींची दुसरी भाषा असते. ‘व्हिडिओला मराठी कॅप्शन टाकलंय, झालं’ असं म्हणून भागत नाही. महत्त्वाच्या सूचनेला सांकेतिक भाषेची चौकट लागते. याउलट वयाने कमी ऐकू येणाऱ्या काकांना सांकेतिक भाषा येत नाही, त्यांना कॅप्शनच हवं.

कानाचं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, गोंगाटही. बाजारात ‘मशीन लावलंय तरी ऐकत नाही’ म्हणून ओरडू नका. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, तोंडावरचा रुमाल खाली घ्या, सावकाश बोला.

पाचवी पायरी : हालचालीचे शब्द

खेड्यात पायाच्या कुठल्याही अडचणीला ‘पोलिओ’ म्हणतात. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे पोलिओ लिहिलेलं दिसलं तर थांबा. पुष्कळदा ती सेरेब्रल पाल्सी निघते, म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा लगेच नंतर मेंदूला झालेली इजा. हा फरक कागदापुरता नाही. पोलिओत पाय लुळा पडतो, बोलण्यावर सहसा परिणाम होत नाही. सेरेब्रल पाल्सीत स्नायू ताठतात, उच्चार अस्पष्ट होऊ शकतात आणि लोक त्यावरून बुद्धी कमी आहे असं परस्पर ठरवतात. बोलणं अस्पष्ट असणं आणि समज कमी असणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. स्नायुक्षय, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफी, वाढत जाणारा आहे. या वर्षी भिंत धरून चालणारा मुलगा पुढे व्हीलचेअरवर येईल, म्हणून शाळेचं दार आजच ९० सेंटिमीटर मोकळं ठेवा.

‘वारं गेलं’, ‘लकवा मारला’ म्हणजे बहुतेकदा पक्षाघात : शरीराची एक बाजू. तिथे कठडा दोन्ही बाजूंना लागतो, कारण चढताना जो हात चालतो तो उतरताना दुसऱ्या बाजूला येतो. मणक्याच्या इजेत छातीखाली किंवा कमरेखाली दोन्ही पाय जातात आणि त्वचेची जाणीवही जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने मणका आणि हातपाय दुखावलेली किती माणसं मागे ठेवली हे लातूर-धाराशिवकडच्यांना वेगळं सांगायला नको.

जाणीव जाणं हा मुद्दा जरा जवळून बघा. वैशाखात दुपारी कचेरीच्या दारातला स्टीलचा कठडा तव्यासारखा तापतो. आपण चटका बसताच हात काढतो. कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तीच्या तळहाताला चटका कळतच नाही. ती कठडा घट्ट धरून सावकाश वर जाते आणि संध्याकाळी फोड दिसतात. रॅम्पवर पत्र्याचं छत टाका, किंवा कठड्याला तापणार नाही असं आवरण द्या. खर्च थोडाच येतो. याच ओघात शब्दाचं : ‘महारोगी’ म्हणू नका. बहुविध औषधोपचाराने, ६ किंवा १२ महिन्यांत, कुष्ठरोग बरा होतो. कायद्यातला शब्दच ‘कुष्ठरोगमुक्त’ असा आहे. आणि अंगावरचं पांढरं कोड हा कुष्ठरोग नव्हे, त्याने दिव्यांगत्वही येत नाही आणि तो संसर्गानेही पसरत नाही.

रॅम्पचा हिशोब पाठ ठेवा : उतार १ ला १२. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर चढ, म्हणजे रॅम्प ५४० सेंटिमीटर लांब. रुंदी १२० सेंटिमीटर, कठडे ७६ आणि ९० सेंटिमीटर अशा दोन उंचींवर. जागा नाही म्हणून दोन मीटरचा रॅम्प टाकला की उतार १ ला साडेचारच्या आत येतो. त्यावरून व्हीलचेअर मागे घसरते आणि माणूस पाठीवर पडतो. जागा कमी असेल तर रॅम्प वळवून घ्या, उतार वाढवू नका.

सहावी पायरी : मन आणि बुद्धी

सगळ्यात जास्त सरमिसळ इथे होते. बौद्धिक दिव्यांगत्वात शिकणं, हिशोब, व्यवहार यांना लहानपणापासून मर्यादा असते. मानसिक आजार विचार, मूड, वास्तवाचं भान यांच्याशी संबंधित असतो, कोणत्याही वयात येतो आणि त्यावर उपचार आहेत. दोन्हींना ‘वेडा’, ‘डोक्यावर परिणाम’ किंवा ‘बाहेरचं’ म्हणून मोकळं होणं थांबवा. ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहा. ‘गतिमंद’ हाही त्याला पर्याय नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी चांगली असते, त्याचं वाचन, लेखन किंवा गणित अडतं. स्वमग्न मुलाला घंटेचा आवाज, ट्यूबलाइटची फडफड असह्य होऊ शकते. ते लाडावलेलं नसतं.

इथला उपाय स्वस्त आहे : सोपी भाषा. ‘उपरोक्त अर्जदाराने सदर दस्तऐवज साक्षांकित करून सादर करावेत’ याऐवजी ‘या कागदांच्या सही-शिक्का घेतलेल्या प्रती जोडा’. एका वाक्यात एकच काम सांगा. आणि वेळ द्या. ओटीपी आला, मुलगी एकेक आकडा लावून वाचतेय, तेवढ्यात पान बंद पडून भरलेलं सगळं पुसलं जातं. वेळ वाढवून मागण्याचं बटण द्या आणि भरलेलं जपून ठेवा. पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काही ठेवू नका. ज्यांना फिट येते त्यांना त्याने झटका येऊ शकतो.

न दिसणारं आणि कमी-जास्त होणारं

सिकलसेल किनवट-माहूरच्या पट्ट्यात ओळखीचा आहे. थकवा, पाण्याची कमतरता, थंडी यांनी वेदनेचा झटका येतो, मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो. रांगेत बसायला बाक आणि जवळ प्यायचं पाणी, एवढीच त्याची मागणी असते. हिमोफिलियात रक्त लवकर थांबत नाही म्हणून पडणं धोक्याचं, थॅलेसेमियात रक्तासाठी ठरावीक दिवशी रजा लागते. ‘काल तर चांगला होता’ हा पुरावा धरू नका.

सातवी पायरी : विचारायचं कसं

सर्वेक्षणात ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असं विचारलं की निम्मी माणसं लपतात. आजी म्हणते, ‘मला काय झालंय, वय झालं.’ संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न वापरा : बघायला, ऐकायला, चालायला-चढायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आंघोळ-कपडे करायला आणि बोललेलं समजायला-समजवायला त्रास होतो का? उत्तरं चार : नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. आजाराचं नाव विचारायची गरजच पडत नाही. सेवेसाठी लागत नसेल तर ते लिहून ठेवूही नका.

‘तुम्हाला काय झालंय?’ याऐवजी ‘इथं कुठं अडतंय?’ विचारा. सोबत आलेल्या भावाला नव्हे, त्या व्यक्तीलाच. पन्नाशीच्या बौद्धिक दिव्यांग मावशींना अरे-तुरे करू नका. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हे लिहिणं टाळा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये चित्रपटांसंदर्भात अशा शब्दांवर स्पष्ट मार्गदर्शन केलं आहे. अर्जात ‘दिव्यांग’ लिहा, कारण राज्याचा विभागही डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग आहे. पण काहींना त्यातलं ‘दिव्य’ खटकतं आणि ते स्वतःला अपंगच म्हणवतात. त्यांच्याशी बोलताना त्यांचाच शब्द वापरा.

आता सुरुवातीच्या त्या ओळीकडे या. वहीत ती अशी भरली जाते. स्थिती : लहानपणी पोलिओ. उणीव : डावा पाय लुळा, दंड मजबूत. कृती : कुबडीवर दोनशे पावलं चालतात, पायरी चढायला कठडा लागतो, दहा मिनिटांहून जास्त उभं राहता येत नाही. अडथळा : तीन पायऱ्या, कठडा नाही, अर्जाच्या खिडकीशी बसायला जागा नाही, तीनचाकी लावायची जागा मोटारसायकलींनी अडलेली. शेवटी तारीख टाका, आणि दोन वर्षांनी त्यांना पुन्हा विचारा. पोलिओ झालेल्यांचे स्नायू उतारवयात आणखी दमतात, दोनशे पावलांची शंभर होतात.